जॅक रॉबिन्सन आणि बारा हात

४ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार. पाच महिन्यांनी पत्र आलं म्हणून पाकीट उलटसुलट करून बघू नकोस, मीच आहे. फोनवर मी जे बोललो आणि ज्या आवाजात बोललो, त्याबद्दल नंतर लिहीन. तू तेव्हा एवढंच म्हणाली होतीस, "यापुढे पत्र लिही, कागदावर तुझा आवाज चढत नाही." म्हणून हे पत्र.

काम तातडीचं आहे. तू तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंस. मला इंग्रजीतले पंचवीस वाक्प्रचार हवेत, सगळे एखादी गोष्ट झटकन, पटकन, हां हां म्हणता होण्याचे. अर्थासकट. उलट टपाली.

कॉलेज सोडल्यावर मी एका मिस्त्रींच्या कारखान्यात लागलो. जुन्या खुर्च्या, टेबलं, कपाटं दुरुस्त होतात. पुढच्या खोलीत करवत आणि रंधा, मागच्या खोलीत पॉलिश. मी दोन्हींच्या मधला: घासकाम करतो, ओझी उचलतो, गिऱ्हाइकांशी बोलतो. इथल्या एका व्यक्तीची वीस मार्चला मुलाखत आहे. संग्रहालयातलं जुनं लाकडी सामान कसं जपायचं याचं वर्षभराचं शिक्षण, दुसऱ्या शहरात. मुलाखत इंग्रजीत, आणि सोबत स्वतः पॉलिश केलेली एक वस्तू न्यायची. त्या व्यक्तीला वस्तूची चिंता नाही, इंग्रजीची आहे. मी त्या व्यक्तीला सहज बोलून गेलो की इंग्रजी म्हणजे माझ्या हातचा मळ, कॉलेजात तेच तर शिकत होतो. दीड वर्ष शिकत होतो हे खरं आहे. काय शिकलो ते विचारू नकोस.

आता झटकन होण्याचेच का, तर इंग्रजीत तेवढेच मला रुबाबदार वाटतात.

तुझा,
काडेपेटी


९ फेब्रुवारी

चिरंजीव काडेपेटी,

पाकीट उलटसुलट करून पाहिलंच. अक्षर तुझंच, मुंग्यांच्या वारुळावर पाणी ओतल्यासारखं.

पंचवीस मिळणार नाहीत. एका पत्रात एक. आणि माझ्या वर्गाचा नियम तुलाही लागू: वाक्प्रचार घ्यायचा, त्याचं एक खरं वाक्य करून परत पाठवायचं. खरं म्हणजे तुझ्या बाबतीत घडलेलं. 'ससा पापणी लवायच्या आत पळाला' असलं चालणार नाही, तू ससा पाळलेला नाहीस. वाक्य खरं निघालं तर पुढचा वाक्प्रचार. या नियमामुळे मला तीस वर्षांत दोन फुटलेल्या खिडक्यांचे गुन्हेगार आणि गणिताच्या मास्तरांचं लग्न सगळ्यांच्या आधी कळलं.

पहिला घे. इन द ब्लिंक ऑफ ॲन आय. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच.

तुझी,
आत्या

ता. क. 'व्यक्ती' हा शब्द तू तीनदा लिहिलास. व्यक्ती वेणी घालते की अंबाडा?


१३ फेब्रुवारी

आत्या,

वेणीही नाही आणि अंबाडाही नाही. केस मानेपर्यंतच आहेत, पॉलिशमध्ये पडतात म्हणून कापलेले. मिस्त्रींची मुलगी. झालं समाधान?

खरं वाक्य: मी इन द ब्लिंक ऑफ ॲन आय प्रेमात पडलो. कसा ते ऐक. कामावरचा दुसरा दिवस होता. मागच्या खोलीत एक खुर्ची चकाकत होती. बोट लावून पाहिलं, कोरडी. उचलून बाहेर न्यायला वाकलो तर तिने वरही न बघता माझं मनगट धरलं, तळहात खुर्चीवर ठेवला आणि विचारलं, कसं लागतंय. मी म्हणालो, कोरडं. ती म्हणाली, "हाताला कोरडं आहे. आतून ओलं आहे. लाख असंच फसवते." मग मनगट सोडलं. मी अजून तिथेच आहे.

स्पिरिटमध्ये लाख विरघळवतात, कापसाच्या बोळ्याने लाकडावर फिरवतात, त्या एका थराला इथे एक हात म्हणतात. ती चांगल्या खुर्चीला बारा हात देते. एक हात झाला की दार लावून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिकडे फिरकायचं नाही. बारावा झाला की वर आठवडाभर नुसती ठेवायची. मुलाखतीसाठी ती एक जुनी आरामखुर्ची करते आहे, तिचे सहा हात झालेत. मला हे सगळं बघून अंगाला मुंग्या येतात. ती मला एक्सप्रेस म्हणते.

तुझा वाक्प्रचार मी तिला जेवणाच्या सुट्टीत शिकवला. तिने वहीत उतरवला, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाली, आमच्याकडे असं काही होतच नाही.

मी तिला उद्या विचारून टाकतो. पुढचा वाक्प्रचार लवकर पाठव.

काडेपेटी


१७ फेब्रुवारी

चिरंजीव काडेपेटी,

वाक्य खरं आहे. त्या ओळीपुरतं अक्षर सरळ आलंय.

उद्या विचारू नकोस. हे पत्र पोचेपर्यंत विचारलं असशील तर माझा नाइलाज आहे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण तुझ्या जन्माआधीची असली तरी तुला बघूनच केलेली दिसते. त्या मुलीच्या पुढ्यात मुलाखत आहे. तिला जाऊ दे, मग बघ.

दुसरा वाक्प्रचार: ॲट द ड्रॉप ऑफ अ हॅट. टोपी खाली पडायचा अवकाश. पूर्वी म्हणे टोपी खाली टाकून शर्यत सुरू करत. मागचापुढचा विचार न करता जे केलं जातं त्याला हा शब्द. याचं वाक्य मला तुझ्या कॉलेजबद्दल हवं. ते का सोडलंस हे तू फोनवर सांगितलंच नाहीस, नुसता ओरडलास.

आत्या


२१ फेब्रुवारी

आत्या,

विचारलं नाही. तोंड उघडलं होतं, पण तिने त्यात खिळे दिले, धरून ठेव म्हणाली.

खरं वाक्य: आमचे मिस्त्री ॲट द ड्रॉप ऑफ अ हॅट चिडतात. आजच तीनदा. कॉलेजचं पुढे बघू.

मला तुझा एक जुना वाक्प्रचार आपोआप आठवला. लहानपणी मी बुटाच्या नाड्यांशी झटापट करत असायचो तेव्हा तू दारात उभी राहून म्हणायचीस, बिफोर यू कॅन से जॅक रॉबिन्सन. तोंडातून जॅक रॉबिन्सन हे नाव पुरतं बाहेर पडायच्या आत झालं पाहिजे. मी त्याचा बोर्डच रंगवला. निळ्यावर पांढरी अक्षरं: चेअर्स रिपेअर्ड बिफोर यू कॅन से जॅक रॉबिन्सन. मिस्त्रींनी विचारलं, हा रॉबिन्सन कोण, आपल्यात भागीदार आहे का. ती बोर्डापुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, हात लावू नकोस, बोर्डही वाळलेला नाही.

पण बोर्डाने गिऱ्हाईक आणलं. तेच डोक्याला ताप झालंय. कोपऱ्यावर नवा दवाखाना थाटलेला एक दंतवैद्य. पेशंटांच्या बसायच्या खोलीसाठी एक खुर्ची दुरुस्तीला टाकली आणि चार दिवसांत पाचदा आला. दारात उभा राहतो, मनगटावरच्या घड्याळात बघतो, सावकाश म्हणतो, "जॅक... रॉबिन्सन," आणि विचारतो, झाली? ती हसते. मग हा मागच्या खोलीत जाऊन तिला लाखेबद्दल प्रश्न विचारतो. दात असे पांढरे की खोलीत दिवा लावायला नको. एका खुर्चीसाठी कोणी पाचदा येत नाही, आत्या. मी काही दूधखुळा नाही.

काडेपेटी


२५ फेब्रुवारी

चिरंजीव काडेपेटी,

वाक्य मिस्त्रींचं आहे, तुझं नाही. दुसऱ्याची वही माझ्या वर्गात चालत नसे. म्हणून या वेळी वाक्प्रचार नाही.

ज्याच्या दवाखान्यात पेशंट दाढ धरून उभे आहेत, तो माणूस एका खुर्चीसाठी पाचदाच काय, पंधरादा येईल. जॅक रॉबिन्सन म्हणायच्या आत देतो असं तू रंगवून ठेवलंस, तो बिचारा येऊन म्हणतोय. बोर्ड उतरव. आजच उतरव.

आत्या


१ मार्च

आत्या,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. बोर्ड काल सकाळीच उतरला. मिस्त्रींनी खिळ्यांसकट उपटला.

तीन दिवसांपूर्वीची गोष्ट. मिस्त्री आणि ती लाकूड बघायला गेले होते. मी एकटा. दंतवैद्य सहाव्यांदा दारात. जॅक रॉबिन्सन. त्याच्या खुर्चीचा एक पाय सरस लावून अजून शिकंज्यात आवळलेला होता. मला वाटलं, याला काहीतरी देऊन टाकावं, म्हणजे पुन्हा इकडे फिरकायचं कारण उरणार नाही. मागच्या खोलीत कपड्याखाली एक खुर्ची होती. मी बोट लावलं. कोरडं. तुमची होईस्तोवर ही वापरा म्हणालो आणि स्वतः उचलून पोचवून आलो.

ती कोणती खुर्ची होती हे मला माहीत नव्हतं, असं वरच्या ओळीत लिहिणार होतो. माहीत होतं, तिची मुलाखतीचीच. बारावा हात आदल्याच दिवशी झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून बोलावणं आलं. पेशंट यायच्या आधी दंतवैद्य स्वतःच त्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत तासभर बसला आणि मग उठता येईना. आम्ही पोचलो तेव्हा भोवती सात-आठ पेशंट, मधे हा, चेहरा भूल न देता दाढ काढल्यासारखा. ती गुडघ्यावर बसली, कडेने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हलू नका." सगळी खोली हसली. गाल सुजलेले एक आजोबा सर्वांत जास्त हसले, त्यांनी ते वाक्य आयुष्यभर ऐकलेलं असणार. तिने थेंब थेंब स्पिरिट सोडत पंधरा मिनिटांत त्याला मोकळा केला. तो उठला तेव्हा पँटीचं विणकाम खुर्चीवर उमटलेलं होतं, शिंप्याला दुसरी पँट शिवता यावी इतकं स्वच्छ.

मिस्त्री ओरडले, ते ठीक. ती ओरडली नाही. खुर्ची उलटसुलट बघितली आणि म्हणाली, "बारा होते." एवढंच. दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही.

तर आता खरं वाक्य घे. मी कॉलेज ॲट द ड्रॉप ऑफ अ हॅट सोडलं. इंग्रजीच्या सरांनी निबंध लिहायला दोन तास दिले होते, मी अर्ध्या तासात दिला. ते म्हणाले, एवढ्या वेळात असा लिहून होत नाही, कुठून उतरवलास. मी कागद त्यांच्या टेबलावर भिरकावले आणि निघून आलो. दोन दिवसांनी वर्गातला मित्र सांगत आला की सरांनी शोधाशोध केली, निबंध माझाच आहे हे त्यांना पटलं, ये म्हणाले आहेत. पण इतक्या तोऱ्यात बाहेर पडल्यावर परत कुठल्या तोंडाने जायचं? टोपी मीच टाकली आणि धावलोही मी एकटाच. त्याच आठवड्यात तुझा फोन आला.

पिशवी भरून ठेवलीय. तुझ्याकडे येऊ का? उत्तर येईपर्यंत थांबतो. मला थांबता येत नाही, तरी थांबतो.

काडेपेटी


३ मार्च

चिरंजीव काडेपेटी,

येऊ नकोस. तुझी खोली मी मांजरीला दिली आहे, तिला चार पिल्लं आहेत.

शर्यतीत टोपी पडली की पळतात. घरात टोपी पडली तर वाकून उचलतात, झटकतात, पुन्हा डोक्यावर घालतात. पिशवी रिकामी कर. त्या मुलीकडे जा, काय करू म्हणून विचार आणि ती सांगेल तेवढंच कर, वर एक चमचा शहाणपण घालू नकोस. इंग्रजी कुणाचं आहे तेही सांगून टाक.

वाक्य खरं होतं. वाचायला मला दोनदा चष्मा पुसावा लागला. म्हणून कबूल केल्याप्रमाणे तिसरा: इन टू शेक्स ऑफ अ लॅम्ब्स टेल. कोकरू दोनदा शेपटी हलवेल तेवढ्यात. हा नुसता हसण्यासाठी आहे. तुम्हा दोघांना लागेल.

आत्या


१६ मार्च

आत्या,

या वेळी पत्राला उशीर झाला. मुद्दाम.

गेलो, विचारलं. तिने स्पिरिटची बाटली आणि फडकं हातात दिलं. खुर्चीवर उमटलेली दंतवैद्याची पँट पुसायला दीड दिवस लागला. मग ती म्हणाली, खुर्चीची बैठक तू करायचीस, मी बघते. बोळा आठच्या आकड्यासारखा फिरवत राहायचा, मधे थांबला की चिकटतो आणि खालचा थर उचलून आणतो. पहिल्या दिवशी मी दोनदा थांबलो, दोन्हींच्या खुणा खाली कुठेतरी आहेत. पण सगळ्यात अवघड काय असेल तर हात देऊन झाल्यावर दार लावून निघून जाणं. मी दाराबाहेर उभा राहायचो. चौथ्या दिवशी तिने विचारलं, आत कोणी अडकलंय का.

दिवस थोडे होते, नऊच हात बसले. बैठक बाकी खुर्चीपेक्षा किंचित फिकी दिसते. ती काही बोलली नाही. तिचं काही न बोलणं आता मला थोडं थोडं वाचता येतं, हे त्यातलं बरं होतं.

तुझ्याबद्दल सांगितलं. ती म्हणाली, ठाऊक आहे, तुला चार-पाच दिवसांनी पाकीट येतं आणि दुसऱ्या दिवशी इंग्रजी येतं. कोकराच्या शेपटीला इतकी हसली की बोळा बाजूला ठेवावा लागला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

एक वाईट गोष्ट लिहितो. परवा तिने मला विचारलं, कामाला किती दिवस लागतात असं मुलाखतीत विचारलं तर काय सांगू. माझ्या मनात आलं, कोकराची शेपटी सांग. ते हसतील, तिला परत पाठवतील आणि ती इथेच राहील. मनात यायला डोळ्याचं पातंही लवलं नाही. पण हातात बोळा होता, तो फिरवायचा होता, म्हणून तोंडातून यायला उशीर झाला. आठचा आकडा पुरा होईपर्यंत मला लाज वाटली. म्हणालो, "खरं असेल ते सांग."

अजून विचारलेलं नाही. वीस तारखेपर्यंत विचारणारही नाही.

काडेपेटी


२४ मार्च

आत्याबाईंना नमस्कार.

आपली ओळख नाही, पण 'व्यक्ती' म्हणजे मी. एक्सप्रेसने सगळं कबूल केलंय.

मुलाखत झाली. तिघे होते. मधल्या म्हाताऱ्या साहेबांनी विचारलं, अशी खुर्ची करायला किती वेळ लागतो. मला आकड्यांच्या पुढचं इंग्रजी सुचेना, म्हणून तुमचे सगळे वाक्प्रचार एकामागून एक सांगितले आणि प्रत्येकाच्या पुढे 'नाही' हा शब्द जोडला. ब्लिंक ऑफ ॲन आय, नाही. ड्रॉप ऑफ अ हॅट, नाही. जॅक रॉबिन्सन, नाही. कोकराच्या शेपटीला साहेबांनी चष्मा काढून ठेवला आणि डोळे पुसले.

मग त्यांचा हात बैठकीवर गेला. ही फिकी का, म्हणाले. मी दंतवैद्यांची गोष्ट सांगितली, येत होती तेवढी इंग्रजीत आणि उरलेली हातवाऱ्यांनी. घाईत बिघडली, ज्याने बिघडवली त्यानेच नीट केली, नऊ हात त्याचे आहेत, हेही सांगितलं. ते बराच वेळ बोटं फिरवत राहिले. म्हणाले, बाकी सगळ्यांनी कधीच न बिघडलेल्या वस्तू आणल्या, आमची कोठारं मात्र घाईत बिघडवलेल्या वस्तूंनीच भरलेली आहेत. मला घेतलं. एक तारखेला निघते.

दंतवैद्यांना बायको आहे आणि तीन मुलं आहेत. एक्सप्रेसला मी मुद्दाम सांगितलेलं नाही. त्यांची खुर्ची तो हल्ली फार मन लावून करतोय.

तुमचा नियम मलाही लागू धरा. माझं खरं वाक्य असं. कामावरच्या दुसऱ्या दिवशी तो वाळली समजून खुर्ची उचलायला वाकला, मी त्याचं मनगट धरलं आणि माझं ठरलं. इन द ब्लिंक ऑफ ॲन आय. आमच्याकडे असं काही होत नाही असं मी म्हणाले होते, ते तो समोर होता म्हणून. पण मी पॉलिशवाली आहे. हाताला कोरडं लागलं म्हणून मी वस्तू बाहेर काढत नाही. वर्षभर ठेवून बघते.

त्याला सांगू नका. वाळलं की मीच सांगेन.

आपली,
मिस्त्रींची मुलगी


५ एप्रिल

आत्या,

ती गेली. फलाटावर मी विचारणार होतो, वाक्य पाठ होतं. पण तिने एक ट्रंक, दोन पिशव्या आणि खुर्ची माझ्याकडे दिली, ते सगळं आत चढवेपर्यंत गाडी हलली. धावत्या गाडीला असलं काही विचारायचं नसतं, हे मला आता कळतं. महिन्यापूर्वी डब्याच्या मागे धावलो असतो.

निघण्याआधी तिने मला एक काम देऊन ठेवलंय. कोऱ्या लाकडाचं एक स्टूल. बारा हात द्यायचे, पण महिन्याला एकच, एक तारखेला. बारावा झाला की ती परत येऊन स्वतः हात लावून बघणार. मिस्त्री म्हणाले, स्टुलाला बारा महिने, पोरीचं डोकं फिरलं. मलाही कळत नाही त्या स्टुलात एवढं काय आहे. चारही पाय एका उंचीचेसुद्धा नाहीत. तिला विचारलं तर म्हणाली, तुझ्या आत्याला विचार. तुला काही माहीत आहे का?

सरांना भेटून आलो. दाराशी दहा मिनिटं उभा होतो. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, अर्ध्या तासात निबंध देणारा तूच ना, सात महिने कुठे होतास? ऑक्टोबरात परीक्षेला बसता येईल, कारखाना सांभाळून. फॉर्म भरायला मला पुरा दिवस लागला, एकही खाडाखोड नाही.

स्टुलाचा पहिला हात एक तारखेलाच दिला. हाताला कोरडा लागतोय. रोज दारातून एकदा बघतो आणि दार लावून घेतो.

आता सावकाश होणाऱ्या गोष्टींचे वाक्प्रचार पाठव. एका पत्रात एक. घाई नाही.

तुझा,
काडेपेटी